ज्याचं जळतं, त्याची खुर्ची

दसरा झाला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. नांदेड जिल्ह्यातले कंधार, लोहा, मुखेड, लातूरकडचे जळकोट, अहमदपूर; इथल्या तांड्यांवर, वस्त्यांवर मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली असते. ट्रक-ट्रॅक्टर येतात, भांडीकुंडी, शेळी, लेकरं सगळं त्यावर चढतं आणि टोळी निघते पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात, ऊस तोडायला. परतणं होळी-पाडव्याला, हंगाम लांबला तर त्याहून उशिरा. म्हणजे पाच-सहा महिने.

क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचाराची मुदतही सहा महिनेच. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, एकही दिवस न चुकता. वजन ३५ ते ४९ किलोच्या पट्टीत असेल तर रोज तीन गोळ्या एकदम. हे दोन सहा महिने एकमेकांवर आदळले तर काय होतं, हे औषध लिहून देणाऱ्याला आपणहून सुचेलच असं नाही. उपचारांची मार्गदर्शिका लिहिणारी समिती तर फडापासून आणखीच लांब. पहाटे चारला कोपीतून निघणाऱ्या बाईला मात्र ते बरोबर ठाऊक असतं: रिकाम्या पोटी तीन गोळ्या घेतल्या की मळमळतं, मळमळलं की कोयता चालत नाही, आणि दिवस बुडाला की खाडा पडतो.

आमच्या नात्यातल्या एका मावशीला काही वर्षांपूर्वी टीबी निघाला. ती ऊसतोडीला जाणारी नव्हे, घरची दोन एकर कोरडवाहू करणारी. गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी लघवी लालसर झाली. तिला वाटलं, रक्त जातंय. बाईमाणूस, सांगणार कुणाला? तिनं आठ दिवस गोळ्या गोठ्याच्या मागं उकिरड्यात टाकल्या आणि घरात सांगितलं, घेते म्हणून. खरं तर तो रिफाम्पिसिन या औषधाचा रंग. लघवी, घाम, कधी डोळ्यांतलं पाणीसुद्धा नारिंगी-लाल होतं आणि त्यानं काहीही अपाय होत नाही. वैद्यकाच्या पुस्तकात हे आहेच, ‘निरुपद्रवी’ या मथळ्याखाली. निरुपद्रवी म्हणून ते शेवटी येतं, शेवटी म्हणून घाईत राहून जातं. मावशीनं जर रुग्णाला काय सांगायचं याची यादी केली असती, तर पहिली ओळ हीच आली असती.

हा लेख त्या यादीबद्दल आहे. ती कोण करतं, आणि करताना खोलीत कोण बसलेलं असतं.

डॉक्टर आपल्याला तपासतात तेव्हा त्यांच्या अनुभवामागं एक छापील शहाणपण असतं. कोणत्या रक्तदाबाला औषध सुरू करायचं, कोणतं आधी, किती दिवसांनी परत बोलवायचं. भारतात वेगवेगळे राष्ट्रीय कार्यक्रम अशा मार्गदर्शिका काढतात, आयसीएमआरनं २०१९ पासून अनेक आजारांसाठी एकपानी तक्ते काढले आहेत, आणि सगळ्यांच्या वर जागतिक आरोग्य संघटना आहे. पूर्वी हे काम सरळ होतं. चार-सहा नामवंत डॉक्टर एकत्र बसायचे आणि आपल्या अनुभवानं सांगायचे. १९९०च्या दशकात पुराव्यावर आधारलेल्या वैद्यकाचा जोर वाढला, तसं ‘मी तीस वर्षं बघतोय’ हे पुरेसं राहिलं नाही. अभ्यास किती, त्यात माणसं किती, निष्कर्ष कितपत भरवशाचा, असं तोलून शिफारस करायची पद्धत आली. तिचं आज सगळ्यात रुळलेलं रूप म्हणजे ‘ग्रेड’.

ग्रेडमध्ये एक गंमत आहे. शिफारस ठाम करायची की सौम्य, हे ठरवताना फायदा-तोटा आणि पुराव्याचा दर्जा यांच्या जोडीला आणखी एक रकाना भरावा लागतो: ज्याला हे औषध घ्यायचंय, त्याच्या लेखी कशाला किती मोल आहे? मार्गदर्शिकांची परीक्षा घेणारी ‘ॲग्री’ नावाची २३ कलमी तपासणी आहे, तिच्यातही हा प्रश्न आहे. थोडक्यात, पुराव्याच्या कडक शिस्तीनंच रुग्णाला दार उघडलं. उपकार म्हणून कुणी बोलावलं नाही. त्याच्याशिवाय तो रकाना कोराच राहतो.

इंग्लंडमध्ये ‘नाइस’ ही संस्था १९९९ साली सुरू झाली. तिच्या प्रत्येक मार्गदर्शिका समितीत निदान दोन जागा रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा सामान्य नागरिक यांच्यासाठी असतात. त्यांना मत असतं, मानधन असतं. पण त्यानं फरक काय पडतो, हे बघायला संधिवाताचं उदाहरण जास्त बोलकं आहे. रुमॅटॉइड संधिवातावरच्या औषधांच्या चाचण्यांत काय काय मोजायचं, हे ठरवणारा ‘ओमेरॅक्ट’ नावाचा आंतरराष्ट्रीय गट आहे. दुखणं, सुजलेल्या सांध्यांची संख्या, रक्तातली सूज हे सगळं डॉक्टर वर्षानुवर्षं मोजत आले होते. २००२ साली पहिल्यांदा रुग्णांना त्या बैठकीला बोलावलं. ते म्हणाले, सांधे दुखतात हे खरंच, पण आम्हाला झोपवतो तो थकवा, आणि तो तुमच्या यादीतच नाही. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत थकव्यावर काम झालं आणि तो मोजलाच पाहिजे असं ठरलं. दशकानुदशकं लाखो रुग्ण आपापल्या डॉक्टरांना ‘लई थकल्यागत वाटतंय’ असं सांगतच असणार. सांगणं आणि यादीत येणं यांत अंतर असतं ते एवढं.

दुसरं उदाहरण आफ्रिकेतलं. २०१८च्या मे महिन्यात बोट्स्वानातून एक धोक्याची खूण आली. एचआयव्हीवरचं डोल्युटेग्राविर हे नवं, चांगलं औषध गर्भ राहण्याच्या वेळी घेत असलेल्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांना मज्जारज्जूचा जन्मदोष आढळला. लगेच सावधगिरीचे इशारे निघाले, आणि काही देशांनी मूल होण्याच्या वयातल्या बायकांना हे औषध द्यायचंच थांबवलं. त्यांना जुनं, जास्त त्रासाचं औषध. जुलैत रवांडाच्या किगाली शहरात १८ देशांतल्या ३९ एचआयव्हीबाधित बायका जमल्या. त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं: धोका काय तो आम्हाला सांगा, गर्भनिरोधक द्या, आणि मग ठरवू द्या, सगळ्या बायकांना सरसकट गर्भाची पिशवी समजू नका. पुढं आकडेवारी मोठी झाली तशी जोखीम हजारी तीनवर आली आणि २०१९च्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेनं हे औषध सर्वांसाठी पसंतीचं ठरवलं. आपल्याकडच्या एआरटी केंद्रांतही आज मुख्य गोळी हीच आहे.

इथं एक सावधपणा बाळगायला हवा. वरचा बदल काही केवळ बायकांच्या म्हणण्यानं झाला नाही, आकडेही बदलले. एखादं औषध गुण देतं की नाही, हे ठरवायला मोजदादच लागते. तिथं ‘मला गुण आला’ याला फारसं वजन नाही. नाही तर डेंग्यूच्या साथीत पपईच्या पानांचा रस पिऊन ज्यांच्या पेशी वाढल्या, त्या सगळ्यांनी मार्गदर्शिका लिहिल्या असत्या. (पेशी त्या दिवशी बहुधा तशाही वाढणार होत्या.) भोगलेल्या माणसाचा अधिकार चालतो तो दुसऱ्या प्रांतात. गुण म्हणजे नेमकं काय, त्यासाठी किती किंमत मोजायची, आणि कागदावरचा उपाय घरात, फडावर, एसटीत शिरल्यावर त्याचं काय होतं.

पुन्हा क्षयरोगाकडं येतो, कारण आपल्याकडं हा हिशेब त्यातच सगळ्यात स्पष्ट दिसतो. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीला अनेक वर्षं महिनोन्‌महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं दिली जात. त्यांनी बऱ्याच जणांचे कान गेले. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती २०१३ मध्ये टीबीच्या इंजेक्शनांनीच गेली. जीव वाचला म्हणजे उपचार यशस्वी, या रकान्यात बहिरेपण कुठंच भरता येत नव्हतं. जगभरच्या रुग्णांनी हे वर्षानुवर्षं मांडलं, तोंडानं घ्यायच्या औषधांचे पुरावेही जमले, आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कॅनामायसिन आणि कॅप्रिओमायसिन शिफारशीतून काढली. बेडाक्विलिन या गोळीला महत्त्व आलं. ती महाग पडू नये म्हणून वेंकटेशन आणि टीबीतून बऱ्या झालेल्या मीरा यादव यांनी २०१९ मध्ये कंपनीच्या पेटंट वाढवण्याच्या अर्जाला हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयानं तो अर्ज फेटाळला.

शब्दही बदलले, आणि ही गोष्ट मला लहान वाटत नाही. पूर्वी तपासणीला आलेला माणूस ‘संशयित’ असायचा, औषध मध्येच थांबलं की ‘डिफॉल्टर’, म्हणजे बँकेचं कर्ज बुडवणाऱ्याच्या पंगतीला. रुग्णसंघटनांनी हरकत घेतली. २०१३च्या व्याख्यांमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हे दोन्ही शब्द टाकून दिले. डिफॉल्टरच्या जागी आता ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ अशा अर्थाचा शब्द आहे. फरक बघा. पहिल्या शब्दात गुन्हा रुग्णाचा. दुसऱ्यात प्रश्न उरतो, सुटला तो कुणाच्या हातून? टोळीबरोबर कर्नाटकात गेलेल्या बाईला कर्जबुडवी म्हणायचं, की तिच्यामागं गोळ्या पोचल्या नाहीत असं म्हणायचं, यावर पुढची सगळी व्यवस्था ठरते.

गोळ्या घेतल्या की नाही, हे पाहायला ‘नाईंटीनाइन डॉट्स’ नावाची एक हुशार युक्ती आली होती. गोळ्यांच्या पाकिटाला जाड कागदाचं वेष्टण. गोळी दाबून बाहेर काढली की तिच्यामागं दडलेला फोन नंबर दिसतो. त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, फुकट. कॉल आला म्हणजे गोळी पोटात गेली, अशी नोंद. कल्पना खरंच सुंदर आहे. फक्त घरात फोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात असला, तर बाईची गोळी वेळेवर आणि कॉल रात्री नऊला, किंवा नाहीच. अशा दोन बायका आराखड्याच्या वेळी टेबलाशी असत्या तर पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी हे सांगितलं असतं.

आता शेजारच्या बीडचं प्रकरण, कारण तिथं प्रश्न अधिक अवघड होतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांमध्ये ‘पिशवी काढण्याचं’ प्रमाण फार असल्याचं २०१९ मध्ये गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, म्हणजे दर सहा बायकांत एक. मग नियम आला की खासगी रुग्णालयानं अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. नियम योग्यच. काही डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घालून बायकांना कापलं होतं.

पण बायका काय सांगत होत्या? अंगावरून पांढरं जातं, अंगावरून जास्त जातं, कंबर मोडते. फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची. एक दिवस पडून राहिलं तर मुकादम खाडा लावतो, तो कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायको दोघांच्या मजुरीतून वळता होतो. त्यापेक्षा पिशवीच नको. डॉक्टरच्या बाजूनं बघितलं तर हा अनावश्यक शस्त्रक्रियेचा प्रश्न आहे आणि त्यावर उपाय परवानगीचा. बाईच्या बाजूनं बघितलं तर शस्त्रक्रिया हा तिनं आपल्या परीनं काढलेला मार्ग आहे. तो बंद करायचा तर खाडा आणि संडास यांबद्दल बोलावं लागेल. समितीनं हंगामाआधी आणि हंगामानंतर आरोग्य तपासणीची शिफारस केली, ते बायकांच्या म्हणण्याच्या जवळ जाणारं होतं. तरी ‘गर्भाशय कधी काढावं’ या विषयावरची कोणतीही वैद्यकीय मार्गदर्शिका खाड्याबद्दल एक ओळ लिहील, याची मला खात्री नाही. तो शब्द वैद्यकाच्या कोशातला नाही ना.

मराठवाड्याला भोगलेल्याचं शहाणपण नवं आहे असं मात्र कुणी समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, आदल्याच दिवशी गणपती बुडवलेले, आणि किल्लारीचा भूकंप. लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. शेकडो गावांत पडझड झालेली घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. पैसा जागतिक बँकेचा, आराखडे इंजिनिअरांचे. या दुरुस्तीच्या टप्प्यात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’नं गावोगावी बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. घरमालक आणि सरकारी यंत्रणा यांच्यामधला हा दुवा. हप्ता कधी मिळतो, भिंतीचं मजबुतीकरण म्हणजे काय, गवंडी कुठं चुकवतो, हे सगळं त्या शिकल्या आणि शिकवू लागल्या. २६ जानेवारी २००१ला भूजला भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या बायका कच्छला गेल्या. तिथल्या बायकांना सांगायला, की घर पडल्यावर पुढची दोन-तीन वर्षं काय काय वाट्याला येतं आणि कशाबद्दल आधीच भांडून घ्यायचं असतं. सल्लागार म्हणून कुणाला पाठवायचं, याचा इतका नेमका निर्णय आपल्याकडं क्वचित झाला असेल.

औसा तालुक्यातलं हासेगाव याच लातूर जिल्ह्यात. रवी बापटले यांनी २००७ मध्ये तिथं एचआयव्हीसह जन्मलेल्या मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केलं. सुरुवातीला गावाचा विरोध, शाळेचा प्रश्न, सगळं झालं. ती मुलं आज तरुण आहेत. अठरा ओलांडलेल्यांसाठी ‘हॅप्पी इंडियन व्हिलेज’ उभं राहिलं, ज्याची इंग्रजी आद्याक्षरं मुद्दाम एचआयव्ही अशीच ठेवली आहेत. लहानपणापासून रोज न चुकता गोळी घेत मोठं होणं म्हणजे काय, शाळेत काय सांगायचं, लग्नाच्या वेळी कुणाला केव्हा सांगायचं, याची जाण असलेली ही पिढी आहे. किशोरवयीन मुलांच्या एचआयव्ही उपचारांबद्दल कुणाला काही लिहायचं असेल तर लातूरहून औशाच्या वाटेवर फार लांब जावं लागत नाही.

कायद्यानं एका ठिकाणी खुर्ची दिलीही आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार राज्य प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या व्यक्तींचे आणि काळजीवाहकांचे प्रतिनिधी असलेच पाहिजेत. पुण्याच्या मुक्तांगणनं १९८६पासून कायद्याशिवायच हे केलं. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथं समुपदेशक झाली, आणि नवा पेशंट थापा मारायला लागला की त्या थापा आपण स्वतः मारलेल्या असल्यामुळं त्यांना पुढचं वाक्यसुद्धा माहीत असतं.

बाकी ठिकाणी आपली सवय वेगळी. क्षयरोग कार्यक्रमात बरे झालेले लोक ‘टीबी चॅम्पियन’ होतात, जिल्हास्तरावर त्यांच्यासाठी मंचही आहेत. पण त्यांच्याकडून मुख्य अपेक्षा असते ती आधीच ठरलेलं लोकांना पटवून देण्याची. २००७ पासून उस्मानाबादसह पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, गावांनी आरोग्यकेंद्राला हिरवे, पिवळे, लाल शेरे दिले, जनसुनवाईत डॉक्टरांना समोरासमोर विचारलं. ते मोलाचं काम होतं, पण तेही सेवा देऊन झाल्यावरचं. कागद लिहिताना बोलावणं ही तिसरी गोष्ट, आणि ती सगळ्यात कमी होते.

बोलावलं तरी फसायच्या जागा पुष्कळ. वीस तज्ज्ञांमध्ये एकच रुग्ण बसवला की तो नुसता मान हलवतो; म्हणून निदान दोघं तरी हवेत. इंग्रजी बोलणारा, शहरातला, निवृत्त झालेला रुग्ण मिळायला सोपा, म्हणून तोच बोलावला जातो, आणि मग सगळ्या रुग्णांना सकाळी चालायला बाग आहे असं धरून शिफारशी लिहिल्या जातात. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातुरात मुतखड्याच्या रुग्णाला रोज तीन लिटर पाणी प्या म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या बिनचूक होतं. शिवाय औषध कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या रुग्णसंघटना असतात. डॉक्टरांचे हितसंबंध विचारतो तसे त्यांचेही विचारायला हवेत.

आणि मग साधा व्यवहार. समजा, मुंबईत सकाळी अकराला बैठक आहे आणि जळकोटकडच्या एका बाईंना बोलावलंय. आदल्या दुपारी गाव सोडायचं, लातूरला येऊन रात्रीची लातूर एक्स्प्रेस धरायची. परतताना पुन्हा एक रात्र. म्हणजे तीन दिवसांची मजुरी गेली. एकट्या कशा जाणार, बरोबर दीर किंवा मुलगा, त्याचीही मजुरी. म्हशीचं दूध कुणी काढायचं हा प्रश्न शेजारणीवर सोपवायचा. नुसतं तिकीट काढून देऊन हे भागत नाही. दोघांचे बुडालेले रोज, सकाळी अंघोळीला आणि टेकायला खोली, हे सगळं पत्रात आधीच लिहिलेलं असावं लागतं. मसुदा मराठीत हवा, मोठ्या टायपात, आणि बैठकीच्या आठ-दहा दिवस आधी हातात. म्हणजे शाळेतून आलेली नात तो संध्याकाळी वाचून दाखवील, आणि बाई मधेच थांबवून म्हणतील, ‘हे परत वाच बरं, हे काई बरोबर न्हाई.’